सल्फेट वाचवत बसू नका, त्याची जागा धरा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हिंजवडीच्या एका प्रयोगशाळेत आहात. हेपरिन, म्हणजे सल्फेट लागलेल्या साखरांची लांब साखळी, हेपरिनेज-१ या एन्झाइमनं अर्धवट तोडलीत, साइझ एक्सक्लूजनवर (आकारानुसार वेगळं करणारा स्तंभ) सहा साखरांचा गट वेगळा काढलात आणि अॅनियन एक्सचेंजवर (ऋण भारानुसार वेगळं करणारा स्तंभ) त्यातलं एक शिखर स्वच्छ करून घेतलंत. हातात जेमतेम ५० मायक्रोग्रॅम माल आहे. मास स्पेक्ट्रोमीटरवर अखंड रेणूचं वस्तुमान १६५०.९६ डाल्टन येतं, म्हणजे सल्फेट आठ. पण एमएस-एमएस करायला, म्हणजे यंत्रातच रेणू तोडून तुकडे मोजायला गेलं की ७९.९६ (एका सल्फेटचा एसओ-३), पुन्हा ७९.९६, पुन्हा ७९.९६ अशी उतरंड लागते आणि शेवटी साखरेचा बोडका सांगाडा हाती येतो. आठ सल्फेट होते एवढं कळतं, कुठे होते ते कळत नाही. एक जण म्हणतो एमॅक (साखरेच्या टोकाला जोडायचा चमकणारा रेणू) लावा, दुसरा म्हणतो पर्मिथिलेट करा, म्हणजे सगळ्या मोकळ्या जागांवर मिथाइल बसवा. तुम्ही विचारताय की कोणतं डेरिव्हटायझेशन, म्हणजे रेणूवर मुद्दाम दुसरा गट बसवणं, करू आणि ते कुठे फसेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एमॅक तुमच्या या प्रश्नाचं थेट उत्तर देणार नाही, पण प्रश्न जवळपास निम्म्यावर आणेल, म्हणून तो आधी. मग एक दिवस सोडियमवर घालवा. तरीही अडलं तरच पर्मिथिलेशन, डिसल्फेशन (सल्फेट काढणं) आणि ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) अॅसिटिलेशन ही तीन पायऱ्यांची यातायात. ती वाट उत्तम आहे. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे आणि अजूनही ती सुरू करताना पोटात थोडा गोळा येतो.

आधी सल्फेट पडतो का, ते बघू. तो मुळात नाजूक असतो असं आपण सरसकट म्हणतो, पण खरी आग लावतो तो प्रोटॉन. सल्फेटवर ऋण भार असेल तर सी-ओ-एस हा सांधा बऱ्यापैकी टिकतो. त्याच सल्फेटवर प्रोटॉन येऊन बसला की एसओ-३ सुटायला फारच कमी ऊर्जा लागते, साखर-साखरेचा दुवा तुटायला लागते त्याहून कमी. म्हणजे टक्कर ऊर्जा वाढवत नेली तरी आधी सल्फेटच झडणार. तुमच्या रेणूत आठ सल्फेट आणि तीन कार्बॉक्सिल, म्हणजे एकूण अकरा आम्लं. स्पेक्ट्रममध्ये तुम्ही निवडता तो चार ऋण भारांचा आयन. बाकी सात ठिकाणी प्रोटॉन हिंडतायत. त्यातले बरेचसे सल्फेटवरच असणार, कारण तीनच कार्बॉक्सिल आहेत. मग दुसरं काय होणार?

अमोनियम फॉर्मेटमध्ये हायलिक, म्हणजे पाण्यात रमणाऱ्या रेणूंचा स्तंभ, चालवलं तर हेच होतं, फक्त वेष बदलून. अमोनियम सल्फेटशेजारी बसतो तेव्हा सगळं शांत दिसतं. आयन तापला की अमोनिया उडून जातो आणि जाताना प्रोटॉन मागे ठेवून जातो. ट्रायब्युटिलअमीन, डायब्युटिलअमीन ही ऋण रेणूला जोडी देऊन तेलकट स्तंभावर धरणारी आयन-पेअरवाली मंडळीही तशीच. (ट्रायब्युटिलअमीनबद्दल एक सूचना: यंत्र तुमच्या एकटीचं नसेल तर ते वापरण्याआधी सगळ्यांना विचारा. पॉझिटिव्ह मोडमध्ये १८६.२२ चं शिखर पुढचे कित्येक आठवडे सगळ्यांच्या डोक्यावर बसतं आणि तुमचं नाव निघत राहतं.)

आणखी एक गोष्ट आजच्या आज तपासा. तुमच्या पहिल्या स्पेक्ट्रममध्ये सात सल्फेटवाला आयनही दिसत असणार. तो आठवाल्याच्या अगदी त्याच मिनिटाला, त्याच आकाराच्या शिखरात येत असेल तर सल्फेट सोर्समध्येच, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी आयन बनतात तिथेच, झडतोय. कोन व्होल्टेज आणि तापमान खाली आणा. तो वेगळ्या वेळी येत असेल तर तो खरा वेगळा रेणू आहे आणि तुमचं 'एक स्वच्छ शिखर' तेवढं स्वच्छ नाही. हे न बघता पुढची रसायनं ओतण्यात अर्थ नाही.

आता कागद-पेन्सिलीचं काम. हेपरिनेजसारख्या लायेज एन्झाइमनं (पाणी न वापरता दुवा तोडणाऱ्या) तोडलेल्या तुकड्याचं वस्तुमान म्हणजे नुसती साखर-अवशेषांची बेरीज असते, पाण्याचा रेणू मिळवायचा नसतो. तीन सल्फेटचं पूर्ण भरलेलं डायसॅकराइड (दोन साखरांची जोडी) ५७६.९७, त्याची तिप्पट १७३०.९१, त्यातून एक एसओ-३ वजा केला की १६५०.९६. म्हणजे नऊ नेहमीच्या जागांपैकी एकच रिकामी आहे. तीन ग्लुकोसामिन साखरांवर तीन एन-सल्फेट (नायट्रोजनवरचे) आणि तीन ६-ओ (सहाव्या कार्बनच्या ऑक्सिजनवरचे), तीन युरोनिक आम्लांवर तीन २-ओ. हेपरिनमध्ये मोकळा अमाइन विरळा, आणि एन-अॅसिटाइल असता तर वस्तुमानात ४२ जास्त दिसले असते. म्हणून एनच्या तीन जागा तूर्त बाजूला ठेवा. हेपरिनेज-१ तोडतो तेच मुळी २-ओ सल्फेट असलेल्या युरोनिक आम्लापाशी, त्यामुळे डाव्या टोकाच्या असंपृक्त युरोनिकवर २-ओ सल्फेट आहेच असं धरायला हरकत नाही. उरल्या पाच जागा: आतल्या दोन युरोनिकांच्या २-ओ आणि तीन ग्लुकोसामिनांच्या ६-ओ.

इथे एमॅक कामाला येतो. चार-पाच मायक्रोग्रॅम माल घ्या, हेपरिनेज-१, २ आणि ३ यांच्या मिश्रणानं पूर्ण पचवा, सुटलेल्या डायसॅकराइडांना टू-अमिनोअॅक्रिडोन (हाच एमॅक) लावा, सी-१८ या तेलकट स्तंभावर पळवा. रिडक्टिव्ह अमिनेशन आहे, वस्तुमान १९४.०८ नं वाढतं, चमक मिळते, सी-१८ वर धरून राहण्याइतकी तेलकट शेपूट मिळते. डीएमएसओ आणि अॅसिटिक आम्ल ८५:१५, सोडियम सायनोबोरोहायड्राइड, ४५ अंशांवर चार तास. सायनोबोरोहायड्राइड आणि आम्ल एकत्र म्हणजे हायड्रोजन सायनाइडची शक्यता, तेव्हा फ्यूम हूडच्या बाहेर झाकणही उघडायचं नाही. हे मी एमएस्सीच्या मुलांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी एखादा व्हायल बेंचवर उघडताना सापडतो.

गंमत अशी की दोन सल्फेटची दोन डायसॅकराइडं, एकात २-ओ नाही आणि दुसऱ्यात ६-ओ नाही, यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं. मास स्पेक्ट्रोमीटरला त्यांत फरक दिसत नाही. सी-१८ ला दिसतो, कारण एमॅक लावलेली ही दोन वेगवेगळ्या वेळी उतरतात आणि दोन्हींची स्टँडर्ड बाजारात मिळतात. म्हणजे एवढ्यानं कळतं की रिकामी जागा २-ओ आहे की ६-ओ. पहिलं निघालं तर दोनच उमेदवार, दुसरं निघालं तर तीन. पाचातून एवढं खाली येण्यासाठी पाच मायक्रोग्रॅम हा सौदा मला स्वस्त वाटतो. दोन नमुन्यांची प्रमाणं शेजारी-शेजारी मोजायची असतील तर एमॅकऐवजी अॅनिलिन लावा, एकाला साधं आणि दुसऱ्याला सहाही कार्बन-१३ असलेलं. जोडशिखरं सहा डाल्टनच्या अंतरावर येतात आणि तुलना त्याच धावेत होते. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

पूर्ण पचन झालंच नाही आणि एक टेट्रासॅकराइड (चार साखरांचा तुकडा) उरलंच, तर घाबरू नका, उलट कान टवकारा. ३-ओ सल्फेट असलेल्या ग्लुकोसामिनाजवळ ही एन्झाइमं अडतात. मग वरची माझी 'नऊ नेहमीच्या जागा' ही मांडणीच बदलते, कारण दहावी जागा हिशेबात येते.

दुसरा दिवस सोडियमचा. कल्पना सरळ आहे: सल्फेटवर प्रोटॉन नको ना, मग तिथे सोडियम बसवा. सोडियम अमोनियमसारखा उडून जात नाही. तुमचा चार ऋण भारांचा साधा आयन ४११.७३ ला येतो. अकराही आम्लांचे प्रोटॉन काढून सात ठिकाणी सोडियम घातला की तोच ४५०.२० ला. मधल्या पायऱ्या साडेपाच-साडेपाचच्या अंतरानं दिसतात, कारण दर सोडियमामागे २१.९८ वाढतात आणि भार चार आहे. स्प्रेच्या द्रावणात साधारण एक मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड घाला, थेट इन्फ्यूजन करा, ४५०.२० ची खिडकी लावा आणि तोडा. नशीब चांगलं असेल तर दुवे तुटलेले तुकडे दिसतात आणि सल्फेट जागच्या जागी राहतात. जवळपास कुणाकडे एफटी-आयसीआर (वस्तुमानातला फार बारीक फरक दाखवणारं यंत्र) किंवा इलेक्ट्रॉननं तोडणारं यंत्र असेल, ईडीडी किंवा एनईटीडी, तर अंगठीच्या आडव्या चिरासुद्धा मिळतात, ज्यांवरून एकाच साखरेतलं ३-ओ आणि ६-ओ वेगळं सांगता येतं.

याची किंमतही सांगतो. एकच रेणू दहा-बारा शिखरांत वाटला जातो, त्यामुळे संवेदनशीलता पडते. कोनवर पांढरं मीठ जमतं आणि ते पुसणं तुमच्याकडेच येतं. एलसीला, म्हणजे स्तंभाच्या यंत्राला, जोडून हे नीट जमत नाही. आणि पोटॅशियम कुठून तरी डोकावतोच, ३७.९६ नं सरकलेलं शिखर दिसलं की समजून जा. काचेच्या व्हायल वापरू नका, प्लॅस्टिकच्या घ्या. सराव म्हणून आधी फोंडापॅरिनक्सवर करून बघा. पाच साखरांचं कृत्रिम औषध, योगायोगानं त्यातही आठच सल्फेट, शिवाय दोन कार्बॉक्सिल, आणि कोणता सल्फेट कुठे हे पक्कं माहीत. चार भार आणि सहा सोडियमचा त्याचा आयन ४०८.७० ला सापडला पाहिजे. तो सापडत नसेल तर दोष तुमच्या नमुन्यात नाही, पद्धतीत आहे.

एवढ्यावर तुमचे दोन-तीन उमेदवार सुटले तर थांबा. खरंच थांबा. सुटले नाहीत, किंवा पुढे असे पन्नास रेणू एकाच मिश्रणात ओळखायचे असतील, तर मग तिसरी वाट.

ती समजावताना मी मुलांना स्वारगेटच्या एसटी स्टँडवर नेतो. एसटीत जागा धरायची तर खिडकीतून रुमाल टाकतात. आपल्या गाडीत काही सीटांवर सल्फेट नावाचे प्रवासी बसलेत आणि गाडी हलली की ते उड्या मारून पळणार हे आपल्याला माहीत आहे. त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न म्हणजे वरचं सोडियमचं प्रकरण. दुसरा उपाय उलटा. आधी प्रत्येक रिकाम्या सीटवर एक असा माणूस बसवा जो काही झालं तरी उठणार नाही. तो मिथाइल. मग सल्फेटांना आपणच, व्यवस्थित, स्टँडवरच उतरवा. आता ज्या सीटा रिकाम्या झाल्या त्या सल्फेटच्याच होत्या. त्यांवर ओळखू येईल असा रुमाल टाका: ड्युटेरियमवाला अॅसिटाइल. गाडी आता कितीही हादरली तरी कोणती सीट कुणाची होती ते वाचता येतं. शिवाय ऋण भार गेल्यामुळे रेणू पॉझिटिव्ह मोडमध्ये सोडियम लावून छान उडतो, सी-१८ वर नीट वेगळा होतो आणि तोडला की सभ्य ग्लायकॅनसारखा दुव्यांपाशी तुटतो.

सल्फेटेड टायरोसिनसाठीही हीच उलटी युक्ती वापरतात. मोकळ्या टायरोसिनांना अॅसिटाइल लावायचा. मग यंत्रात सल्फेट झडला तरी ज्या टायरोसिनवर अॅसिटाइल नाही तो सल्फेटवाला होता, हे कळतं.

रुमाल ड्युटेरियमचाच का? कारण साध्या अॅसिटाइलचे प्रवासी या गाडीत आधीपासून असू शकतात, ग्लुकोसामिनावरचा मूळचा एन-अॅसिटाइल. तुमच्या नमुन्यात तो नसेलही, पण हेपरिनच्या भावंडात, हेपरन सल्फेटमध्ये, ढिगानं असतो. साधा अॅसिटाइल ४२.०१ मिळवतो, ड्युटेरियमवाला ४५.०३. तीन डाल्टनच्या फरकानं कळतं की हा नायट्रोजन जन्मापासून अॅसिटाइलवाला होता की सल्फेटवाला.

आता हात घालायचा तिथे. पहिलं, रिड्यूसिंग टोक बंद करा. अल्कलीत ते टोक मोकळं राहिलं तर साल निघाल्यासारखी टोकाची साखर सुटून जाऊ शकते, आणि तिच्यावर ३-ओ सल्फेट असेल तर फारच सहज. सोडियम बोरोड्युटेराइड वापरा. टोक बंदही होतं आणि ३.०२ ची खूणही बसते, म्हणजे पुढे तुकडा डावीकडचा की उजवीकडचा हा घोळ राहत नाही. मग सोडियम मीठ बदलून ट्रायइथाइलअमोनियम मीठ करा, कारण सोडियम मीठ डीएमएसओमध्ये विरघळत नाही, तळाशी वाळूसारखं बसून राहतं आणि वाळूवर मिथिलेशन होत नाही. हा बदल करताना स्तंभातून रेणू आम्लरूपात बाहेर येतो. त्या नळीत आधीच ट्रायइथाइलअमीन ठेवा, म्हणजे थेंब पडताक्षणी उदासीन होईल. आम्लरूपात ठेवलेला, त्यातून सुकवलेला सल्फेटेड रेणू स्वतःच्याच आम्लानं स्वतःला खातो. एन-सल्फेट सगळ्यात आधी जातो.

मग सुकवणं. लायोफिलाइझ करून फॉस्फरस पेंटॉक्साइडवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर. इथे पुण्याच्या हवेचा संबंध येतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या खलात कुटल्या तरी पावडर राहतात. जुलैत पाषाणच्या आमच्या खोलीत खल हातात घेऊन खिडकीकडे जाईपर्यंत ती चिकट साबणासारखी होते. पाणी शिरलं की मिथाइल आयोडाइड त्याच्यावर आणि हायड्रॉक्साइडवरच खर्च होतो आणि मिथिलेशन अर्धवट राहतं. म्हणून मी गोळ्या कुटणं सोडलं. ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडं मिथेनॉल, त्यावर कोरडा डीएमएसओ, हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं टाकायचं, पुन्हा डीएमएसओ. असं चार-पाच वेळा धुतलं की तळाशी जेलीसारखा पारदर्शक बेस मिळतो आणि त्यात पाणी जवळजवळ उरत नाही. नमुना डीएमएसओमध्ये नायट्रोजनखाली पूर्ण विरघळू द्या, घाई नको. बेस घाला, मिथाइल आयोडाइड घाला, झाकण, ढवळत दहा-पंधरा मिनिटं. सुकवून हे सगळं पुन्हा एकदा. मिथाइल आयोडाइड विषारी आणि उडता आहे, दुहेरी हातमोजे घाला.

बेसमध्ये जास्त वेळ ठेवायचा मोह आवरा. मिथिलेशन पूर्ण व्हावं म्हणून तास-तास ठेवलं तर युरोनिक आम्लाचा मिथाइल एस्टर झाल्यावर साखळीच तुटू शकते, बीटा-एलिमिनेशननं. आणि २-ओ सल्फेट असलेलं इडुरोनिक (युरोनिक आम्लाचाच एक प्रकार) तीव्र अल्कलीत सल्फेट सोडून इपॉक्साइड करू शकतं. एका लांब फेरीपेक्षा दोन छोट्या फेऱ्या बऱ्या.

आता माझी फजिती. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी साध्या ग्लायकॅनांच्या सवयीत होतो. तिथे मिथिलेशन झालं की पाणी आणि क्लोरोफॉर्म घालायचं, हलवायचं, खालचा क्लोरोफॉर्मचा थर ठेवायचा, वरचं पाणी सिंकमध्ये. मी तसंच केलं. क्लोरोफॉर्म सुकवला, यंत्रात घातला, काहीच नाही. पुन्हा घातला, काहीच नाही. दोन दिवस मी मास स्पेक्ट्रोमीटरला शिव्या घातल्या, कॅलिब्रेशन केलं, सोर्स धुतला. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर डोक्यात प्रकाश पडला: मिथाइल कितीही लावले तरी आठ सल्फेट अजून अंगावर आहेत, हा रेणू क्लोरोफॉर्ममध्ये कशाला जाईल? तो पाण्यात होता आणि पाणी गटारात. चार महिन्यांचं शुद्धीकरण होतं ते. म्हणून या टप्प्यावर क्लोरोफॉर्मला हात लावू नका. पाण्यानं अभिक्रिया थांबवा, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून मिथाइल आयोडाइड उडवा, दुधट द्रावण निवळलं की झालं. मग ट्रायइथाइलअमोनियम अॅसिटेट घालून छोट्या सी-१८ काडतुसावर धरा, धुवा, अॅसिटोनायट्रिलनं उतरवा. इथे दोन टक्के माल वेगळा काढून निगेटिव्ह मोडमध्ये बघा. आठही सल्फेट आहेत ना? १४.०२ नं कमी असलेली सावली-शिखरं नाहीत ना? ही नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिसल्फेशन त्या मानानं निमूटपणे होतं. पिरिडिनियम मीठ करा, डीएमएसओमध्ये दहा टक्के मिथेनॉल घालून तापवा. हेपरिनवर ही पद्धत १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. एन-सल्फेट ५० अंशांलाच जातो, ओ-सल्फेटांना ८० ते १०० अंशांवर काही तास लागतात. सिलिलवाली अभिकर्मकंही वापरतात, लहान प्रमाणात ती जास्त स्वच्छ चालतात असं माझं मत. सगळे सल्फेट गेले की अॅसिटिक अॅनहायड्राइड-डी६ आणि पिरिडिन. आता मात्र क्लोरोफॉर्म खुशाल वापरा, रेणू मुकाट्यानं खालच्या थरात येतो.

वाचन कसं करायचं? ओ-जागांसाठी एकच आकडा पाठ करा: ३१.०१४. पूर्ण मिथिलेटेड साखरेपेक्षा दर सल्फेटमागे एवढं वस्तुमान जास्त, कारण मिथाइल १४.०१६ मिळवतो आणि आपला रुमाल ४५.०२९. उदाहरणार्थ मधली एन-अॅसिटाइलहेक्सोसामिन पूर्ण मिथिलेटेड असेल तर तिचा अवशेष २४५.१३, तिच्यावर एक ओ-सल्फेट होता तर २७६.१४. युरोनिक आम्ल रिकामं असेल तर २१८.०८, २-ओ सल्फेट होता तर २४९.०९. दुव्यांपाशी तुटलेल्या तुकड्यांतलं अंतर मोजत गेलात की साखळी डावीकडून उजवीकडे वाचता येते. तुमच्या दोन-तीन उमेदवारांसाठी एवढंच पुरे. ६-ओ की ३-ओ असा प्रश्न आला तर मात्र अंगठीच्या चिरा किंवा स्टँडर्डचा उतरण्याचा वेळ लागेल, कारण अवशेषाचं वस्तुमान दोन्हीकडे सारखंच.

आता या पद्धतीचं खरं दुखणं सांगतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात आणि त्यांना कळतही नाही. मिथिलेशन अर्धवट राहिलं तर जी रिकामी सीट मिथाइलशिवाय राहिली तिच्यावरही शेवटी रुमाल पडतो. ती हुबेहूब सल्फेटची जागा दिसते. उलटही होतं: बेसमध्ये एखादा सल्फेट आधीच पडला आणि त्या जागी मिथाइल बसला, तर खरी सल्फेटची जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. अखंड वस्तुमानावरून आठ सल्फेट माहीत आहेत, शेवटी आठ रुमाल मोजले, जुळलं, असं म्हणून समाधान मानू नका. एका ठिकाणी एक चुकून वाढला आणि दुसरीकडे एक चुकून कमी झाला तरी बेरीज आठच येते. म्हणून दोन सोबती बरोबर चालवा. एक हायल्युरोनिक आम्लाचं हेक्सासॅकराइड (सहा साखरांचा तुकडा), ज्यात सल्फेट मुळातच नाही. त्यावर जो रुमाल दिसेल ती तुमच्या मिथिलेशनची चूक. दुसरा फोंडापॅरिनक्स, आठ जागा माहीत असलेला. त्यावर जो रुमाल दिसणार नाही तो बेसनं खाल्लेला सल्फेट. दोन्ही त्याच दिवशी, त्याच बेसच्या बाटलीतून. मागच्या महिन्याचं कंट्रोल या महिन्याच्या दमट हवेत चालत नाही.

आणि तुमच्याकडे ५० मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅमभर माल जमणार असेल तर हे सगळं सोडा आणि एनएमआर (चुंबकात ठेवून रेणूची रचना वाचणं) करा. एनसीएल आणि आयसर, दोन्ही संशोधन संस्था पाषाणलाच आहेत. २००७-०८ मध्ये हेपरिनमध्ये जादा सल्फेटेड कॉन्ड्रॉइटिनची भेसळ निघाली, दर डायसॅकराइडला चार सल्फेट असलेला माल, तेव्हाही तो ओळखण्यात मोठा वाटा एनएमआरचाच होता. मास स्पेक्ट्रोमेट्रीवाला असून हे कबूल करताना जरा जड जातं, पण आहे ते आहे.

तर मालाची वाटणी अशी करा: पाच मायक्रोग्रॅम डायसॅकराइडांना, पाच सोडियमच्या प्रयोगांना, वीस लांबच्या वाटेसाठी आणि वीस फ्रीझरमध्ये, सोडियम मीठ म्हणून, उदासीन बफरमध्ये, लहान-लहान भाग करून. लांबच्या वाटेची पहिली फेरी तुमच्या नमुन्यावर अजिबात करू नका, ती फक्त फोंडापॅरिनक्स आणि हायल्युरोनिकवर करा. आणि आत्ता जुलै चालू आहे, तेव्हा बेस धुवायचा दिवस निवडताना आधी डेसिकेटरमधल्या सिलिका जेलचा रंग बघा. तो गुलाबी, म्हणजे ओल धरलेला, असेल तर त्या दिवशी एमॅकचं काम उरकून घ्या.